गोव्यात घरावर सोलर बसवावे का? छप्पर, बिल आणि पाऊस यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या अंगणातल्या शेडवर पॅनल चढल्यापासून फोंड्याच्या बाजारात भेटणारा प्रत्येक जण आधी सोलरचे विचारतो, मग घरच्यांची खुशाली. मी सोलर विकत नाही आणि कुणाचे कमिशनही घेत नाही. विजेच्या कामात आयुष्य गेले, तेवढीच माझी पात्रता. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरे एकदाची लिहून काढली. काही उत्तरे ऐकून सोलरवाले नाराज होतील.

सोलर बसवले की बिल शून्य येते ना?

युनिटांचे पैसे शून्यावर येऊ शकतात, पण बिल येतच राहते. मंजूर भारावर (जोडणीला मंजूर झालेल्या किलोवॉटवर) लागणारा स्थिर आकार प्रत्येक महिन्याला भरावा लागतो, मग छपरावर कितीही पॅनल असोत. ‘झिरो बिल’ असे छापलेले पत्रक हातात पडले तर ते छापणाऱ्याला त्याच्याच घरचे बिल दाखवायला सांगा.

सरकार ३०० युनिटे मोफत देते असे ऐकले. नाव कुठे घालायचे?

कुणी तुमच्या मीटरमध्ये ३०० युनिटे आणून ओतत नाही. ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिचा अर्थ एवढाच, की छप्पर तुमचे, पैसे आधी तुमचे आणि खर्चाचा काही भाग केंद्र सरकार अनुदान म्हणून परत करते. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये. म्हणजे तीन किलोवॉटला ७८,००० रुपये, आणि त्यापुढे पाच लावा की दहा, अनुदान तेवढेच राहते. तीन किलोवॉटमधून महिन्याला सरासरी ३०० ते ३५० युनिटे तयार होतात, ‘३०० मोफत’ हा आकडा तिथून आला.

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायचा, काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यायचे आणि पॅनल भारतीय बनावटीच्या सेलचे असायला हवेत. नेट मीटर (घेतलेली आणि वीज खात्याला परत दिलेली वीज मोजणारे मीटर) लागून तपासणी झाली की अनुदान तुमच्या बँक खात्यात जमा होते. स्वस्त परदेशी पॅनल बसवून मग अनुदान मागायला गेलेले लोक मी पाहिले आहेत. रिकाम्या हातांनी परतले.

आमचे बिल चारशे-साडेचारशे रुपये येते. सोलर लावू का?

नको. निदान आत्ता तरी नको.

हे ऐकून लोकांना राग येतो. पण गोव्यात घरगुती वीज स्वस्त आहे, आणि सोलरचा सगळा हिशेब इथेच फिरतो. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाने ‘चार वर्षांत पैसे वसूल झाले’ म्हटले तर ते त्याच्या दराने झाले. आपल्याकडे दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटांना प्रत्येकी दोन रुपयांच्या आसपास, पुढच्या शंभराला पावणेतीनच्या घरात, असे करत चारशेच्या वर गेलात की सहाच्या जवळ. वीज नियामक आयोग हे आकडे बदलत असतो, म्हणून हिशेब करताना स्वतःचे ताजे बिल समोर ठेवा.

आता बघा. तुम्ही महिन्याला दीडशे युनिटे वापरता. एक किलोवॉटचे पॅनल साधारण १२० युनिटे देईल. वाचलेली प्रत्येक युनिट दोन-तीन रुपयांची, म्हणजे महिन्याला पावणेतीनशे रुपये आणि वर्षाला तीन-साडेतीन हजार. लहान प्लांट किलोवॉटमागे महाग पडतो. पासष्ट हजार खर्च आणि ३०,००० अनुदान धरले तर खिशातून ३५,००० गेले. ते परत यायला दहा-अकरा वर्षे लागतील, आणि तेवढ्यात इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालणाऱ्या विजेत बदलणारे यंत्र) बदलायची वेळ आलेली असेल. त्यापेक्षा जुना फ्रिज बदला आणि पंखे कमी वीज खाणारे बीएलडीसी घ्या. पैसे लवकर सुटतील.

आणि ज्यांचा वापर जास्त आहे त्यांचे?

सोलरची युनिट तुमच्या बिलाच्या वरच्या टोकातून वजा होते, हे एकदा डोक्यात बसले की अर्धे प्रश्न सुटतात. महिन्याला पाचशे युनिटे वापरणाऱ्या घराने तीन किलोवॉट लावले तर साडेतीनशे युनिटे कमी होतात, आणि ती कमी होतात महागड्या टप्प्यांतली. तिथे महिन्याला दीड हजारांच्या पुढे वाचतात. १,९०,००० रुपयांचे काम असेल तर अनुदान वजा जाता १,१२,००० उरतात, ते सहा-सव्वासहा वर्षांत निघतात. पॅनलची कामगिरीची हमी २५ वर्षांची असते, दरवर्षी उत्पादन साधारण अर्धा टक्का घटते. म्हणजे पुढची वर्षे फायद्याची.

माझा ठोकताळा असा: वर्षभराची बारा बिले काढा आणि युनिटांची सरासरी घ्या. दोनशेच्या आत असाल तर विसरा. दोनशे ते तीनशेमध्ये असाल आणि घरात एसी किंवा विजेची स्कूटर यायची असेल तर विचार करा. तीनशेच्या वर असाल तर पुढचे प्रश्न नीट वाचा, कारण आता बिल नव्हे, छप्पर निर्णय घेणार आहे.

एक खबरदारी. बारा बिलांत गणेश चवथीचा महिना वेगळा काढून बघा. मुंबईची मंडळी आठ दिवस येऊन जातात, त्या बिलावर प्लांटचा आकार ठरवू नये.

किती जागा लागते?

किलोवॉटला दहा चौरस मीटर, म्हणजे शंभर चौरस फूट धरा. हल्लीचे ५४० वॉटचे पॅनल सुमारे सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडे कमी रुंद असते, वजन २८ किलोच्या आसपास. असे सहा लावले की तीन किलोवॉट झाले. तोंड दक्षिणेकडे, उतार पंधरा अंशांच्या जवळपास, कारण गोवा साडेपंधरा अंश अक्षांशावर आहे. पूर्व-पश्चिम उतार असला तरी फार बिघडत नाही, थोडे उत्पादन कमी होते इतकेच.

घर नळ्यांचे (कौलारू) आहे. त्यावर पॅनल बसतात का?

बसतात. पण बहुतेक वेळा मी ‘नको’ म्हणतो. वजनाची भीती लोकांना उगीच वाटते. पॅनल आणि त्याची चौकट मिळून चौरस मीटरला पंधरा किलोच्या आसपास, खुद्द नळेच त्याहून कितीतरी जड. अडचण वेगळी आहे. आपण पावसाआधी नळे परततो, फुटलेले काढतो, सरकलेले बसवतो. पॅनलखालचे नळे कोण परतणार? तिथे एक नळा फुटला की पाणी थेट माळ्यावर. शिवाय पॅनलचे हुक वाशांना धरतात, आणि चाळीस वर्षांच्या वाशाला वाळवी लागलेली असते हे नळे उचलल्याशिवाय कळत नाही. पॅनल बसवणारी पोरे नळ्यांवरून चालतात तेव्हा दहा-बारा नळे मोडतात, ते वेगळेच.

म्हणून आधी आजूबाजूला बघा. गोठ्याची जागा, गाडीची शेड, मागची न्हाणीघरावरची छोटी स्लॅब, अंगणात उभारलेला लोखंडी मांडव. मुख्य घरावरच लावायचे असेल तर सुतार आणा, वासे तपासा, त्या बाजूचे सगळे नळे नवे घाला आणि मगच हुक मारू द्या.

स्लॅबवर पत्र्यांचे छप्पर आहे, मग?

गोव्यात निम्म्या स्लॅबवर पत्रे असतातच, गळतीला कंटाळून घातलेले. पत्र्यांवर पॅनल सहज बसतात आणि सगळ्यात स्वस्तही पडतात. फक्त ते पत्रे आधी किती वर्षांचे झालेत ते बघा. दहा वर्षांनी बदलायचे पत्रे आणि पंचवीस वर्षांचे पॅनल यांची जोडी जमत नाही. पत्रे काढून नुसते पॅनलच छप्पर म्हणून घालू, असे कुणी म्हणाले तर दोन पॅनलांमधल्या फटीतून पाणी येते, हे लक्षात ठेवा. फटी बुजवून, खाली पन्हळी घालून ते करता येते. खर्च मात्र वाढतो.

उघड्या स्लॅबवर काम असेल तर स्लॅबला भोके पाडू देऊ नका. सिमेंटचे ठोकळे ओतून त्यांत बोल्ट बसवायला सांगा.

घराभोवती माड आहेत. चालेल?

गोव्यात सोलर न लावण्याचे पहिले खरे कारण हेच आहे, आणि दुर्दैवाने विक्रेते त्यावर सगळ्यात कमी बोलतात.

पॅनल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात. एकावर सावली पडली की त्या माळेचा प्रवाह घटतो. प्रवाहाला सावलीतल्या भागाला वळसा देणाऱ्या बायपास डायोडमुळे सगळे बंद पडत नाही, पण माडाच्या एका झावळीची सावली पॅनलाच्या तुकड्यावर पडते म्हणजे तेवढ्या तुकड्याचेच नुकसान होते, असे नाही. झावळी वाऱ्यावर हलते आणि दिवसभर सावली पॅनलांवरून फिरते. काही पॅनलांवरच सावली येत असेल तर प्रत्येक पॅनल वेगळे सांभाळणारे ऑप्टिमायझर किंवा मायक्रो इन्व्हर्टर उपयोगी पडतात. सगळ्या छपरावरच सावली असेल तर कशाचाच उपयोग नाही.

सावली मोजायची कधी? मे महिन्यात माप घ्यायला येणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तेव्हा दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, किंबहुना मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तो आपल्याकडे थोडा उत्तरेला सरकलेला असतो आणि दक्षिणेच्या झाडाची सावली छपरापर्यंत पोहोचतच नाही. डिसेंबरात हाच सूर्य दुपारीदेखील ५१ अंशांपेक्षा वर चढत नाही. दहा मीटर उंच आंब्याची सावली तेव्हा भर दुपारी आठ मीटर लांब पडते, नऊ वाजता तर विचारूच नका. डिसेंबर ते मार्च हेच आपले निरभ्र महिने. नाताळच्या आसपास एक दिवस सकाळी नऊ, दुपारी बारा आणि साडेतीन वाजता छपराचे फोटो काढा. तिन्हींत निम्म्याहून जास्त छप्पर उन्हात नसेल तर विषय संपला.

शेजाऱ्याचा माड असेल तर तो तुमच्यासाठी तोडायला तयार होणार नाही. आणि आपला माड तोडायचा झाला तरी परवानगी, मजुरी आणि दरवर्षीचे नारळ धरून हिशेब करा. पॅनलवर नारळ पडून काच फुटली तर ती हमीत बसत नाही, हेही जाता जाता सांगतो.

आपल्याकडे चार महिने पाऊस. मग हे सगळे फुकटच ना?

नाही. पॅनलला उजेड लागतो, कडक ऊन असले तर उत्तम. जुलैत उत्पादन मार्चच्या निम्म्यावर येते, आणि पाऊस कोसळत असला की काही दिवस नावापुरतेच. हे गृहीत धरूनच वर्षाचा आकडा काढतात: गोव्यात किलोवॉटला वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास. त्याहून फार जास्त कुणी लिहून देत असेल तर त्याने राजस्थानचा आकडा उचलला असे समजा.

नेट मीटरमुळे एप्रिल-मेत जास्त झालेली युनिटे खात्यावर जमा राहतात आणि जून-जुलैत वळती होतात. वर्ष संपताना जी उरतात त्यांचा हिशेब आयोगाने ठरवलेल्या दराने होतो. त्या पैशांवर डोळा ठेवून मोठा प्लांट लावू नका. आपल्या वापरापुरता लावावा.

गंमत अशी की कडक उन्हाळाही पॅनलला मानवत नाही. त्यावर लिहिलेले वॉट २५ अंश तापमानाचे असतात. एप्रिलच्या दुपारी पॅनल साठ अंशांच्या वर तापते तेव्हा दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के उत्पादन घटते, म्हणजे बारा-तेरा टक्के सरळ गेले. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नयेत, खालून वारा खेळू द्यावा.

वीज गेली की आमचे दिवे सोलरवर चालतील ना?

नाही! नव्वद टक्के लोकांचा भ्रमनिरास इथे होतो. नेट मीटरला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेल्याक्षणी बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. तसा तो मुद्दाम बनवलेला असतो. तारेवर काम करायला चढलेल्या लाइनमनला तुमच्या छपराचा झटका बसू नये, म्हणून. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, झाडे तारांवर पडली आणि कित्येक गावे दिवसच्या दिवस अंधारात होती. तेव्हा छपरावर पॅनल असूनही मोबाईल चार्ज करायला दुसरीकडे धावलेले लोक होते.

वीज गेल्यावरही चालायला हवे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी लागते.

मग बॅटरी घेऊनच टाकू का?

गैरसोय किती होते त्यावर आहे, पैसे वाचण्यासाठी मात्र घेऊ नका. नेट मीटर असताना ग्रिड हीच तुमची फुकटची बॅटरी. सत्तरी-सांगेच्या आतल्या गावात, जिथे पावसात वीज गेली की दुसऱ्या दिवशी येते, किंवा घरात ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेले माणूस असेल, तिथे बॅटरीचा खर्च पटतो. ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पण तिला पाणी घाला, पाच वर्षांच्या आसपास बदला. लिथियम आयर्न फॉस्फेटची महाग पण दहा वर्षे सहज जाते. घरातला जुना इन्व्हर्टर असेल तर तो राहू द्या आणि सोलर वेगळे लावा, बहुतेकांना एवढे पुरते.

आमचे घर समुद्राजवळ आहे.

माझ्या चुलतभावाचे मोरजीला आहे. स्वस्तात काम करून देणाऱ्या एकाने चौकटीला नुसता रंग मारलेले लोखंड वापरले. दुसऱ्या पावसानंतर गंजाचे ओघळ भिंतीवर उतरले, तिसऱ्याला एक पाय हाताने हलायला लागला. विक्रेत्याचा फोन तोवर बंद. नवी चौकट करायला जेवढे गेले तेवढे आधीच दिले असते तर बरे, असे भाऊ अजून म्हणतो.

किनाऱ्यापासून काही किलोमीटरपर्यंत खारा वारा पोचतोच. चौकट ॲल्युमिनियमची किंवा वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडाची हवी, आणि हे कोटेशनवर लिहून घ्यायचे. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. जागेवर कापले-वेल्ड केले की जस्त उडते आणि गंज तिथूनच लागतो, म्हणून भोके-कापणी आधी करून मग जस्त चढवलेले मागा. पॅनलसाठी खाऱ्या हवेच्या चाचणीचा दाखला असतो, तोही विचारा.

विजा कडाडल्या की काय?

मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात आपल्याकडे विजा खूप होतात. अर्थिंग तीन वेगवेगळी हवीत: पॅनलच्या बाजूचे, इन्व्हर्टरच्या घराकडच्या (एसी) बाजूचे आणि वीजरोधकाचे (लायटनिंग अरेस्टरचे). जांभ्याच्या पठारावर जमीन उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी होते, तिथे दोन फूट खड्डा आणि मीठ-कोळसा करून भागत नाही. खोल भोक पाडून केमिकल अर्थिंग करा आणि काम झाल्यावर मीटर लावून ओहम मोजून दाखवायला सांगा.

माकडे?

काच मजबूत असते, माकडाच्या उडीने सहसा फुटत नाही. वायरी ओढतात आणि खारी त्या कुरतडतात. सगळी वायर पाइपातून न्यायला सांगा.

साफसफाई कोण करणार?

पाऊस चार महिने करतो. उरलेल्या आठ महिन्यांत पंधरवड्यातून एकदा सकाळी, पॅनल थंड असताना साधे पाणी आणि मऊ फडके. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवर घर असेल तर आठवड्याला करा, तांबडी धूळ दवाने ओली होऊन घट्ट बसते. पावसानंतर खालच्या कडेला शेवाळ धरते, ते जरूर काढा. शिडीवर चढायचे वय गेले असेल तर पॅनल कुठे लावायचे हे त्याच हिशेबाने ठरवा.

मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे.

गोव्यातल्या अर्ध्या अर्जांची गाडी इथेच अडते. अर्जदार, वीजजोडणी आणि बँक खाते यांची नावे जुळली पाहिजेत. सोलरवाल्याला बोलवण्याआधी वीज खात्यात जाऊन नाव बदलून घ्या. वाटणी न झालेले सामाईक घर असेल तर भावंडांची लेखी संमती घ्या. छप्पर सगळ्यांचे आणि अनुदान एकाचे, यावरून चवथीला एकत्र आरती करणारी घरेही फाटतात. मुंडकार घर, म्हणजे जमीनमालकाच्या जागेवरचे घर, असेल तर घराचे आणि जोडणीचे कागद आधी नीट करा.

मंजूर भारही बिलावर बघून ठेवा. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला २०२४ पासून तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीसाठी थांबावे लागत नाही, आणि गरज असेल तर भारही वाढवून मिळतो. पण भार वाढला की स्थिर आकारही वाढतो.

आम्ही पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो.

गच्ची सोसायटीची, म्हणून एकट्याने काही करता येत नाही. पण लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे यांचे बिल सोसायटीला येते, त्यासाठी योजनेत किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. गच्चीवर टाक्यांची सावली किती, हे आधी पाहा. सभेत ठराव करून घ्या, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला पहिल्यापासून विश्वासात घ्या. गळती झाली की तो सोलरलाच दोष देणार.

हॉटेल आहे, पंधरा खोल्या. आम्हाला परवडेल?

धंद्याला हे अनुदान नाही, तरी हिशेब घराहून चांगला बसू शकतो. तुमचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, आपले ऊनही तेव्हाचेच. पाऊस पडतो तेव्हा तुमच्या खोल्याही रिकाम्या. वापर दिवसाचा असेल, म्हणजे स्वयंपाकघर, लाँड्री, पोहण्याच्या तलावाचा पंप, तर तयार झालेली युनिट तिथल्या तिथे खपते. व्यावसायिक दर घरगुतीपेक्षा चढा असतो, म्हणून वाचतेही जास्त. शिवाय आयकरात सोलरवर ४० टक्के घसारा मिळतो. ज्या वर्षी बसवले त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर निम्माच, त्यामुळे ऑक्टोबर उजाडण्याआधी चालू करायचे. सोलर उपकरणांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचे कोटेशन असेल तर नवे मागा.

जनरेटर आहे ना? मग हे विचारल्याशिवाय सही करू नका: जनरेटर चालू असताना सोलरचे काय होते? नियंत्रक न लावता दोन्ही एकत्र चालले तर सोलरची जादा वीज जनरेटरमध्ये उलटी शिरून त्याचे नुकसान करते.

कुंडईला कारखाना आहे, बिल केव्हीएमध्ये येते.

डिमांडचा, म्हणजे महिन्यात एका वेळी ओढलेल्या जास्तीत जास्त भाराचा (तो केव्हीएमध्ये मोजतात), आकार सोलरने फारसा उतरत नाही, कारण ढगाळ सकाळी एकदा जरी पूर्ण भार ग्रिडवर आला तरी महिन्याची डिमांड नोंदली जाते. दुसरे, तुमच्या मोटरी लागणारी रिॲक्टिव्ह वीज (चुंबकत्व टिकवणारी, प्रत्यक्ष काम न करणारी) ग्रिडवरूनच घेतात, सोलर फक्त ॲक्टिव्ह, म्हणजे कामाची वीज कमी करते. मीटरला मग पॉवर फॅक्टर (एकूण विजेतला कामाच्या विजेचा वाटा) घसरलेला दिसतो आणि वाचवलेले पैसे दुसऱ्या खिशातून जातात. इन्व्हर्टरची सेटिंग आणि कपॅसिटर पॅनल याच वेळी सुधारून घ्या. रविवारी कारखाना बंद असतो, त्या दिवशीची वीज कुठे जाते तेही हिशेबात धरा.

कुळागराला (पोफळी-माडांच्या बागेला) पाणी द्यायला सोलर पंप?

पाणी लागते जानेवारी ते मे, ऊनही तेव्हाच, जोडी चांगली आहे. पीएम-कुसुम या केंद्राच्या योजनेत शेतीपंपांना अनुदान मिळत आले आहे, सध्या काय आहे याची चौकशी गोवा ऊर्जा विकास संस्थेत करा. पण पोफळींच्या सावलीत पॅनल लावता येत नाहीत, बाहेर मोकळी जागा हवी आणि तिथून विहिरीपर्यंत वायर. चोरीचाही विचार करा.

नुसते पाणी तापवायचे आहे.

मग वीज बनवून गीझर चालवण्यापेक्षा सोलर वॉटर हीटर घ्या, कमी जागेत जास्त उष्णता मिळते. पावसात मात्र तो हात टेकतो. ज्यांच्याकडे अजून चुलीवरचे भाण आहे आणि झावळ्यांना तोटा नाही, त्यांनी माझे काही ऐकू नये.

कोटेशन आले, काय बघू?

निदान तीन आणा. पॅनल आणि इन्व्हर्टरची कंपनी व मॉडेल लिहिलेले हवे, ‘नामांकित कंपनीचे’ असे नको. चौकटीचा धातू, अर्थिंगची संख्या, नेट मीटरचे काम कोणाकडे, पाच वर्षांच्या देखभालीत नेमके काय, हे सगळे कागदावर. सगळे पैसे आगाऊ देऊ नका, शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावरच द्या. तीन किलोवॉटपर्यंत बँकांकडून योजनेतले कर्ज तारणाशिवाय मिळते, त्यामुळे विक्रेत्याच्या ‘सोप्या हप्त्यां’ची घाई नाही. आणि त्याने तीन वर्षांपूर्वी केलेले एखादे काम पाहून या. नवे काम सगळ्यांचेच चकाचक दिसते.

घर वर्षातले दहा महिने बंद असते.

लावू नका. वापर नाही तर वाचवणार काय? बंद घरावरच्या बिघाडाकडे बघायलाही कुणी नसते.

तुमच्या घरावर किती आहे?

घरावर एकही नाही. घर नळ्यांचे, आणि दक्षिणेला मानकुराद उभा आहे, वडिलांनी लावलेला. माप घ्यायला आलेल्या पहिल्या माणसाने ‘आंबा काढलात तर पाच किलोवॉट बसतील’ म्हटले. त्याला चहा पाजून परत पाठवले. अंगणाच्या टोकाला गाडीच्या शेडवर दोन किलोवॉट मावले, तेवढेच लावले. मार्चमध्ये दिवसाला नऊ-दहा युनिटे येतात, जुलैत चार, आणि धुवाधार पावसाच्या दिवशी दीड. मेमध्ये पॅनलवर झाडाची पाने पडतात ती झाडायला मी शिडी लावतो, आणि त्या शिडीवरून वरच्या फांदीचे दोन आंबे हाताला येतात.